सर्व्हो की ऑनलाइन यूपीएस: प्रोजेक्टरची कार्डं कशामुळे वाचतात?

थिएटरमधल्या डिजिटल प्रोजेक्टरचं कार्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड, उडालं की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘पण आमच्याकडे सर्व्हो आहे!’ सर्व्हो स्टॅबिलायझर म्हणजे स्वस्तातला यूपीएस आणि यूपीएस म्हणजे बॅटरी लावलेला सर्व्हो, हा समज इतका पक्का झालाय की लाखमोलाच्या मशीनपुढे लोक निर्धास्तपणे फक्त सर्व्हो लावतात.

सर्व्होचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. व्होल्टेज पडलं किंवा चढलं की मोटर फिरते, ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांवरचा ब्रश सरकतो, आउटपुट पुन्हा २३० वर येतं. हळूहळू चढउतार होणाऱ्या लाइनसाठी उत्तम यंत्र आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

गफलत होते ती वेळेची. सर्व्हो आधी चूक मोजतो, मग सुधारतो, आणि तेवढ्या वेळात जे आत येतं ते तसंच पुढे जातं. समजा लाइन १७० वर घसरली आहे आणि सर्व्होने ती सुमारे १.३५ पट वाढवून २३० धरून ठेवली आहे. तेवढ्यात लाइट गेली. ब्रश होता तिथेच राहिला, कारण त्याची मोटरही त्याच लाइनवर चालते. थोड्या वेळाने लाइट आली, पण आता आसपासचा लोड सुटलेला असल्यामुळे लाइन २४० वर आहे. ब्रश मात्र अजून जुन्या जागी. २४० गुणिले १.३५, म्हणजे जवळजवळ ३२५ व्होल्ट थेट प्रोजेक्टरवर! ब्रश खाली येईपर्यंत एखाददुसरा सेकंद तरी जातो. ३२५ व्होल्ट एसीचं शिखर ४६० च्या आसपास असतं. बहुतेक पॉवर सप्लायमधला मुख्य कपॅसिटर ४०० ते ४५० व्होल्टचा, आणि ५० हर्ट्झच्या लाइनवर असं शिखर सेकंदाला १०० वेळा येतं. कार्डं लाइट जाताना कमी आणि येताना जास्त उडतात, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. जास्त व्होल्टेजला आउटपुट तोडणारा कॉन्टॅक्टर आणि उशिराने चालू करणारा टायमर असलेला सर्व्होच घ्यावा. पण त्याने फार तर धोका कमी होतो. लाइन आणि कार्ड यांचा थेट संबंध तसाच राहतो.

ऑनलाइन यूपीएस हा संबंधच तोडतो. आलेल्या एसीचा आधी डीसी होतो आणि त्या डीसीपासून नवा एसी तयार होतो. बॅटरी त्या डीसीला कायम जोडलेली असते, त्यामुळे लाइट गेली तरी मध्ये क्षणाचीही फट पडत नाही. लाइन मर्यादेबाहेर गेली की तो बॅटरीवर जातो. न्यूट्रल तुटून सिंगल फेजवर ४०० च्या जवळ व्होल्टेज चढलं, तर कदाचित यूपीएसचा रेक्टिफायर, म्हणजे एसीचा डीसी करणारा भाग, जळेल. जळू दे, मागचं कार्ड तर वाचतं. मीडिया ब्लॉक, म्हणजे कुलूपबंद सिनेमा उलगडून दाखवणारं कार्ड, गेला तर नुसतं कार्ड जात नाही, त्यातलं सर्टिफिकेट, म्हणजे त्याची डिजिटल ओळखही जाते. त्या सर्टिफिकेटसाठी काढलेले सगळे केडीएम (सिनेमा उघडणाऱ्या डिजिटल चाव्या) निकामी होतात, आणि नवं कार्ड हाताशी असलं तरी नवा केडीएम येईपर्यंत शो बंद.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस इथे चालवू नका. लाइनवरून बॅटरीवर जायला त्याला लागणाऱ्या काही मिलिसेकंदांवर लोक तासन्‌तास वाद घालतात, तेवढी फट तर चांगला पॉवर सप्लाय सहज काढतो. खरी खोट ही की उरलेला सगळा वेळ तो लाइनच पुढे ढकलत असतो.

विजेच्या कडकडाटातून येणारा मायक्रोसेकंदांचा सर्ज, म्हणजे व्होल्टेजचा झटका, हा तिसराच विषय. त्यासाठी मेन पॅनलमध्ये एसपीडी (सर्ज अडवणारं उपकरण) हवाच, आणि त्याची खिडकी लाल झाली की तो बदलायला हवा.

मग सर्व्हो काढून टाकायचा का? अजिबात नाही. प्रोजेक्टरच्या झेनॉन दिव्याचा रेक्टिफायर सर्व्होवरच ठेवा. कितीतरी मॉडेलांत दिव्याचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा सप्लाय वेगळा घेता येतो. ती सोय असूनही दोन्ही एकाच वायरवर जोडलेले दिसले की मला राग येतो. यूपीएसवर इलेक्ट्रॉनिक्स, सर्व्हर, आणि मॅन्युअल परवानगी देत असेल तर पंखे व कूलंटचा पंपही घ्या, कारण दिवा विझल्यावरही काही मिनिटं थंड हवा लागते. दिवा मात्र चुकूनही यूपीएसवर नको. पेटताना तो इतका करंट ओढतो की यूपीएस ओव्हरलोड होऊन बायपासवर जातो, आणि बायपास म्हणजे पुन्हा कच्ची लाइन.

इको मोडही तसाच. वीज वाचवायला म्हणून तो चालू केला की ऑनलाइन यूपीएससुद्धा लाइन सरळ पुढे देतो, आणि गडबड झाली की मगच इन्व्हर्टरवर, म्हणजे डीसीपासून नवा एसी करणाऱ्या भागावर, येतो. प्रोजेक्टरच्या यूपीएसमध्ये हा मोड सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाका, आणि सर्व्हिसच्या माणसाने बॅटऱ्या बदलल्या की तो पुन्हा चालू तर झाला नाही ना, हे त्याच्यासमोरच तपासा.