प्रथम (विद्यार्थी उपग्रह)

प्रथम हा आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला छोटा उपग्रह. वजन साधारण 10 किलो. काम एकच, वर आयनोस्फिअरमध्ये (वातावरणाचा वरचा, विद्युतभारित कणांचा थर) किती इलेक्ट्रॉन आहेत ते मोजायचं, आणि ते लागतं जीपीएससाठी. जीपीएसचा सिग्नल खाली येताना याच थरातून येतो, तिथल्या इलेक्ट्रॉनमुळे त्याला किंचित उशीर होतो, मग रिसीव्हर समजतो की सॅटेलाइट आहे त्यापेक्षा लांब आहे आणि लोकेशन चुकतं. भारतात हा त्रास जास्तच, कारण आपण चुंबकीय विषुववृत्ताजवळ (जिथे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जमिनीला समांतर असतं), दुपारी इथे इलेक्ट्रॉनची दाटी फार होते आणि सारखी बदलत राहते, त्यामुळे अंतरातली चूक कधीकधी 10 मीटरच्याही वर जाते.

मोजायची पद्धत खरंच सुंदर आहे. उपग्रह वरून फक्त दोन फ्रिक्वेन्सींवर रेडिओ लहरी सोडतो, एक 145 मेगाहर्ट्झच्या आसपास आणि दुसरी 437 च्या. आयनोस्फिअरमधून जाताना लहरीच्या कंपनाची दिशा फिरते, याला फॅरेडे रोटेशन म्हणतात. इलेक्ट्रॉन जितके जास्त तितकी ती जास्त फिरते, आणि 145 वाली लहर 437 वालीपेक्षा जवळपास 9 पट फिरते, म्हणून खाली अँटेना लावून दोन्हींतला फरक काढला की वाटेतल्या इलेक्ट्रॉनचा हिशोब लागतो. म्हणजे खरं मोजमाप जमिनीवरच होतं! म्हणूनच दुसऱ्या कॉलेजांतल्या मुलांनीही आपापलं ग्राउंड स्टेशन उभारावं हा प्रोजेक्टचाच भाग होता, आणि माझ्या मते शिक्षणाच्या दृष्टीने हीच यातली सगळ्यात मोठी गोष्ट, कारण उपग्रह एकच टीम बनवते पण त्याचा सिग्नल पकडून डेटा काढायला कितीतरी जण शिकू शकतात.

काम 2007 ला सुरू झालं, 2009 मध्ये इस्रोशी करार झाला आणि उड्डाण व्हायला 2016 उजाडलं. एवढ्या काळात जुनी मुलं पास होऊन गेली, नवीन आली, प्रत्येक बॅचला आधीच्यांचं सर्किट आणि कोड समजून घेऊनच पुढे जावं लागलं.

26 सप्टेंबर 2016 ला श्रीहरिकोट्याहून इस्रोच्या पीएसएलव्ही-सी35 रॉकेटने एकूण 8 उपग्रह नेले, त्यात मुख्य हवामान उपग्रह स्कॅटसॅट-1, आणि प्रथमसोबत बंगळुरूच्या पीईएस युनिव्हर्सिटीचा पायसॅटसुद्धा. स्कॅटसॅटला आधी सोडून रॉकेटच्या चौथ्या टप्प्याचं इंजिन पुन्हा चालू केलं आणि बाकीच्यांना साधारण 670 किमी उंचीवर वेगळ्या कक्षेत सोडलं. एकाच उड्डाणात दोन कक्षा पीएसएलव्हीने पहिल्यांदाच गाठल्या. प्रथमचं आयुष्य 4 महिन्यांचं धरलं होतं.