वाटपाचा हुकूमनामा आणि जमिनीचा ताबा: मधली वाट लांब का?

वडिलोपार्जित जमिनीचा वाद म्हटला की लोक आधी सातबारा पुढे करतात. पण सातबारा हा मुळात महसुलाचा कागद. त्यातली नोंद खरी धरून चालतात, तरी पुराव्याने ती खोडता येते. मालकी ठरवतं दिवाणी न्यायालयच. थोरल्याच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, एकटा मालक नव्हे.

खरा गुंता हिश्शांचा. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याखालचं गणित सर्वोच्च न्यायालयाने मगदूम विरुद्ध हिराबाई खटल्यात (१९७८) मांडलं. वडील वारले, मागे आई, दोन मुलगे, तीन मुली. आधी काल्पनिक वाटप, म्हणजे वडील वारण्याच्या क्षणाआधी वाटणी झाली असं धरायचं: वडील, आई, दोन मुलगे, प्रत्येकी १/४. मग वडिलांच्या १/४चे सहा वारसांत सहा भाग. आईला आणि प्रत्येक मुलग्याला ७/२४, मुलीला १/२४. बारा एकरांत वीस गुंठे!

महाराष्ट्राने २२ जून १९९४पासून मुलींना सहदायाद (जन्मानेच वडिलोपार्जित मालमत्तेत हिस्सेदार) केलं, पण त्याआधी लग्न झालेल्या वगळल्या. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. त्या दिवशी वडील हयात हवेत का, हा घोळ मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालापर्यंत (११ ऑगस्ट २०२०) चालला. उत्तर आलं: गरज नाही. त्याच कुटुंबात आता प्रत्येकाला १/६, म्हणजे मुलीला दोन एकर. 'तोंडी वाटप कधीच झालंय' हा भावांचा हुकमी बचावही या निकालाने लंगडा केला. २० डिसेंबर २००४पूर्वीचं नोंदणीकृत वाटप किंवा न्यायालयाचा हुकूमनामा लागतो, तोंडी वाटप क्वचितच, तेही सरकारी कागदांचा आधार असेल तरच, मानलं जातं.

दावा रखडतो तो बहुधा साध्या चुकांनी: एखादी आत्या पक्षकार करायची राहते, जमिनीचा एखादा गट नंबर सुटतो, पक्षकार वारल्यावर ९० दिवसांत वारस लावले जात नाहीत.

आणि जिंकल्यावर? प्राथमिक हुकूमनामा फक्त हिस्से ठरवतो. सारा आकारलेल्या शेतजमिनीचे हिस्से प्रत्यक्ष पाडायचं काम दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडे जातं. तिथून तहसीलदार, भूमी अभिलेखची मोजणी, वाटप तक्ता. विहीर कुणाच्या वाट्याला, वहिवाटीचा रस्ता कुठून, यावर हरकती येतात. शिवाय तुकडेबंदी (फार लहान तुकडे पाडायला कायद्याची मनाई) आडवी येते: २०२३पासून प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्र जिरायतीला २०, बागायतीला १० गुंठे. हिस्सा त्याखाली गेला तर जमिनीऐवजी पैसे घ्यावे लागतात.