अकूस्टिक गिटारच्या तारांची उंची आणि सेटअप : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या कार्यशाळेत गिटार घेऊन येणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी असते की बोटे दुखतात आणि एफ कॉर्ड काही केल्या वाजत नाही. पाठोपाठ मागणी येते, "सॅडल थोडं घासून द्या." सॅडल म्हणजे गिटारच्या वरच्या फळीवर चिकटवलेल्या ब्रिजमध्ये बसवलेली, बहुधा हाडाची अरुंद पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. ही मागणी करण्यापूर्वी कृपया हे पत्रक वाचावे. सॅडल घासणे हे सेटअपमधील, म्हणजे गिटार वाजवायला सोयीची करून देण्यातील, शेवटचे काम आहे. त्याआधीच्या दोन गोष्टी, म्हणजे नेकचा बाक आणि नट, दुरुस्त केल्यावर अनेकदा ते करावेच लागत नाही, आणि एकदा घासलेले हाड पुन्हा भरून येत नाही.

प्रथम मोजमाप

तारांची उंची, म्हणजे ज्याला वादक ॲक्शन म्हणतात ती, बाराव्या फ्रेटवर (नेकवरील, म्हणजे दांड्यावरील, धातूच्या आडव्या पट्टीवर) मोजतात. गिटार सुरात लावून, वाजवण्याच्या स्थितीत मांडीवर धरावी, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली स्टीलची पट्टी फ्रेटच्या माथ्यावर उभी टेकवावी आणि तारेची खालची कड कोणत्या खुणेवर येते ते पाहावे. बाजारातील बऱ्याच पट्ट्यांना शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते. ती लक्षात न घेतल्यास सगळेच माप चुकते. स्टीलच्या तारांच्या गिटारवर जाड सहाव्या तारेखाली २.४ ते २.८ मिमी आणि बारीक पहिल्या तारेखाली १.६ ते २.० मिमी अंतर बहुतेकांना सोयीचे वाटते. बोटांनी हलके वाजवणाऱ्यास याहून थोडे कमीही चालेल, परंतु पिकने जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याने हा मोह टाळावा, कारण जोराने छेडलेल्या तारेला हलायला जागा लागते.

नेकचा बाक

१२ नंबरच्या (पहिली तार ०.०१२ इंच जाडीची) स्टील तारांचा संच सुरात लावला की नेकवर एकूण सत्तर किलोहून अधिक वजनाइतका ताण येतो, त्यामुळे नेक किंचित पुढे वाकते. थोडा बाक हवाच असतो; तो अति झाला की मधल्या फ्रेटवर तारा उंच वाटतात. तपासण्यासाठी सहावी तार एकाच वेळी पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून धरावी आणि सातव्या फ्रेटच्या आसपास तार व फ्रेट यांमधील फट पाहावी. छपाईच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते. असे एक किंवा दोन कागद त्या फटीत जेमतेम सरकले तर बाक ठीक आहे. जास्त असल्यास नेकमधील ट्रस रॉड (आत बसवलेली धातूची सळई) ॲलन कीने घड्याळाच्या दिशेने एका वेळी पाव फेरा, त्याहून अधिक नाही, फिरवून पुन्हा सुरात लावून पाहावे. किल्ली अडली तर तिथेच थांबावे. ट्रस रॉड नेकचा बाक सुधारण्यासाठी असतो. त्यालाच उंची कमी करण्याचा स्क्रू समजून पिळत राहिल्यामुळे बिघडलेल्या गिटारी आम्ही पाहिल्या आहेत.

नट

पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच बोटांना त्रास होत असेल आणि पुढे वाजवणे सोपे जात असेल, तर दोष बहुधा नटचा, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाशी असलेल्या, तारांसाठी खाचा पाडलेल्या पट्टीचा असतो. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबली असता पहिल्या फ्रेटवर केसाएवढीच फट राहायला हवी. खाच जरा जास्त खोल गेली तर मोकळी तार खरखरते आणि नटच बदलावा लागतो, म्हणून हे काम घरी करू नये.

सॅडल

आपल्या वाद्यांत घोडी जे काम करते ते गिटारवर ब्रिजमधील ही अरुंद पट्टी करते, फरक इतकाच की तंबोऱ्याची घोडी रुंद ठेवून तिच्यावर झणझणत्या नादासाठी मुद्दाम जवारी काढतात, तर इथे तार एका नेमक्या कडेवरून सुटायला हवी. सॅडलचा माथा सपाट राहिला तर गिटार सतारीसारखी झणझणू लागते, आणि ग्राहक बिचारा फ्रेटना दोष देत बसतो.

बाराव्या फ्रेटवर जेवढी उंची कमी करायची असेल त्याच्या दुप्पट सॅडलमधून काढावी लागते, कारण बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. उदाहरणार्थ, सहाव्या तारेखाली ३.२ मिमी आहे आणि २.६ हवे आहे, तर सॅडल त्या बाजूला १.२ मिमी कमी होईल. वरचा आकार तसाच राहावा म्हणून आम्ही सॅडल खालून घासतो: पेन्सिलीने रेघ मारून, काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर पट्टी उभी धरून, दर काही फेऱ्यांनी मोजत. तळ जराही गोलाकार झाला तर आवाज दबतो, आणि सॅडलखाली पिकअप (आवाज ॲम्प्लिफायरकडे नेणारी पट्टी) असल्यास काही तारा जोरात तर काही क्षीण ऐकू येतात.

पावसाळा

आमच्याकडील ग्राहकांच्या दृष्टीने हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कोकणात आणि गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती ८० टक्क्यांच्या पुढे राहते. लाकूड ओलावा शोषून फुगते, वरची फळी पोटासारखी वर येते, तिच्यासोबत ब्रिज वर येतो आणि तारा उंच होतात. अखंड लाकडाच्या फळीत हे प्लायच्या फळीपेक्षा अधिक जाणवते. उन्हाळ्यात किंवा सतत एसीच्या खोलीत उलट घडते: फळी बसते, तारा खाली येतात, फ्रेटची टोके कडेने बोटांना टोचू लागतात.

या बाबतीत आम्ही स्वतः चूक केलेली आहे. एकदा ऑगस्टमध्ये ३.४ मिमी उंची असलेल्या गिटारचे सॅडल ग्राहकाच्या आग्रहाखातर घासून दिले. फेब्रुवारीत तीच गिटार जवळजवळ प्रत्येक फ्रेटवर खरखरत परत आली आणि नवे सॅडल आमच्या खर्चाने बसवावे लागले. तेव्हापासून पावसाळ्यात आलेली गिटार आम्ही आधी आठवडाभर बंद केसमध्ये ओलावा शोषणारे सिलिका जेल आणि आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर यांच्यासह ठेवतो आणि मगच मोजतो. घरी गिटार ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये, आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तर मुळीच ठेवू नये, कारण त्या उष्णतेने ब्रिजचा डिंक सैल पडतो.

आम्ही केव्हा नकार देतो

सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम २ मिमी उरले असेल, किंवा ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकत असेल, म्हणजे ब्रिज फळीपासून सुटू लागला असेल, तर सेटअपने काम होणार नाही. पहिल्या प्रकारात नेक काढून तिचा कोन बदलावा लागतो, आणि स्वस्त गिटारच्या बाबतीत हा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतो. तसे आम्ही आधीच सांगू. नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या गिटारवर स्टीलच्या तारा लावून मिळणार नाहीत.

गिटार आणताना नेहमीच्या नंबरच्याच तारा लावलेल्या असाव्यात, कारण नंबर बदलला की ताण बदलतो आणि सेटअपही. मूळ सॅडल आम्ही घासत नाही. वर सांगितल्याप्रमाणे नवे हाडाचे सॅडल घासून तयार करून जुने पाकिटात घालून परत देतो, आणि पाकिटावर सहाव्या व पहिल्या तारेची उंची, त्या दिवशीची आर्द्रता व तारीख लिहिलेली असते. पुढच्या वेळी ते पाकीट सोबत आणावे.