विंडोजची गेम लिनक्सवर कशी काय चालायली?

दिवाळीच्या तोंडावर लातूरहून भाच्याचा फोन. "मामा, माझ्या पीसीला विंडोज अकरा येईना, दुकानवाला म्हणतो बोर्ड-प्रोसेसर नवा घे. लिनक्स टाकलं तर गेम चालतेत का?" लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम. पीसी म्हणजे चौथ्या जनरेशनचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम आणि जीटी ७३० ग्राफिक कार्ड, आमच्याकडं जुना असेंबल डबा उघडला की बहुतेक हेच निघतं. विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अकराला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागती आणि इंटेलचा प्रोसेसर कमीत कमी आठव्या जनरेशनचा, म्हणजे हा डबा कंपनीच्या हिशोबानं बाद. मी म्हणलं चालतेत बऱ्याच. पण हेच त्यानं पंधरा वर्षांपूर्वी विचारलं असतं (तो तेव्हा रांगत होता ते सोडा) तर मी सरळ नाही म्हणून मोकळा झालो असतो. मधी काय झालं ते जरा मागून सांगावं लागतं.

आमच्याकडं लिनक्स आलं ते सीडीवर. मासिकासोबत फुकट यायची, नाहीतर उबंटू या लिनक्सच्या प्रकाराची उबंटूवाले २०११ पर्यंत मागितली की पोस्टानं घरपोच पाठवायचे, परदेशी पाकीट बघून पोस्टमनला वाटायचं पोराला बाहेर नोकरी लागली. सीडी टाकली, डेस्कटॉप दिसला, बरं वाटलं, मग पुढं काय? टक्स रेसर ही गेम. म्हणजे ४३ डिग्रीच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत बसून बर्फावरून पेंग्विन घसरवायचा. दहा मिनिटांत कंटाळा यायचा, आणि तिकडं कॅफेत पोरं व्हाइस सिटी आणि काउंटर-स्ट्राइक १.६ वर तुटून पडलेली. त्यात आपल्याकडं लिनक्सची टक्कर विकतच्या विंडोजशी नव्हतीच, दुकानवाला असेंबल करतानाच विंडोज टाकून द्यायचा, त्याचं बिल कधी कुणी पाहिलं नाही. 'फुकट आहे' हा लिनक्सचा हुकमी मुद्दा, तो इथं आल्या आल्याच निकामी झाला.

तिकडं अमेरिकेत मात्र प्रयत्न लई आधीपासून चालू होते. डूम ही गेम १९९४ लाच लिनक्सवर आली होती, ती बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअरमधल्या डेव्ह टेलरनं आणली. पण ती एका माणसाची हौस झाली, धंदा कुणी केला तर लोकी सॉफ्टवेअरनं. १९९८ ला स्कॉट ड्रेकर नावाच्या वकिलानं ही कंपनी काढली, काम एवढंच की विंडोजच्या नावाजलेल्या गेम घ्यायच्या, लिनक्ससाठी नव्यानं बांधायच्या आणि डब्यात घालून विकायच्या. विकणार कुणाला? लिनक्सवाल्याकडं बहुतेक हार्ड डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर विंडोज असायचंच, गेम तिथं आधीच घेऊन खेळून झालेली. २००२ च्या जानेवारीत लोकी बंद. पण तिथं काम करणाऱ्या सॅम लँटिंगानं एसडीएल नावाची लायब्ररी लिहून ठेवली होती, कीबोर्ड, आवाज, खिडकी, कंट्रोलर हे सगळं कुठल्याही सिस्टिमवर एकाच पद्धतीनं हाताळणारी, ती कंपनीसोबत बुडाली नाही, आजही असंख्य गेमच्या पोटात ती आहे.

आता दुसरी वाट, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथं आहे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ ला सुरू झालं. लोक त्याला इम्युलेटर म्हणतेत, ते तसं नाही आणि नावातच त्यांनी ते सांगून ठेवलंय, 'वाइन इज नॉट ॲन इम्युलेटर'. आपल्या भागातलंच उदाहरण देतो. निजामाच्या काळातले जमिनीचे कागद उर्दूत, वारसाची भानगड निघाली की वाचणारा हुडकावा लागतो. तो म्हातारा काय करतो, तर कागद वाचतो आणि तलाठ्याला मराठीत सांगतो की इथं अमुक लिहिलंय, तमुक करा. काम तहसीलचंच माणूस करतं, त्यासाठी निजामाची अख्खी कचेरी परत उभी करावी लागत नाही. इम्युलेटर म्हणजे ती कचेरी उभी करणं, वाइन म्हणजे तो वाचणारा म्हातारा. गेम विंडोजच्या भाषेत म्हणती 'ही फाइल उघड', वाइन तेच लिनक्सला त्याच्या भाषेत सांगतं.

ऐकायला सोपंय, पण विंडोजच्या आतल्या हजारो फंक्शनचा सोर्स न बघता ती नुसत्या वागण्यावरून परत लिहायची, आणि कुठं कुठं मायक्रोसॉफ्टनं एक लिहून ठेवलंय आणि विंडोज करतं भलतंच, तर ते भलतंच सुद्धा तसंच करायचं कारण एखादी गेम त्याच्यावरच टेकलेली असती. अलेक्झांडर जुलियार १९९४ पासून हे सांभाळतोय. १.० व्हर्जन २००८ ला आलं. पंधरा वर्षं! तेव्हा मी स्वतः वाइनवर काउंटर-स्ट्राइक १.६ खेळलेलो आहे, चालायची, पण आवाज गोळी सुटून गेल्यावर यायचा. थ्रीडीचं सगळं ओपनजीएल या ग्राफिक कार्डाशी बोलायच्या जुन्या पद्धतीतून वळसा घालून जायचं, तिथं दम निघायचा.

मग यात पैसा कुठून आला? लिनक्सच्या प्रेमातून नाही, एका दुकानदाराच्या भीतीतून आला. व्हॉल्व्ह म्हणजे स्टीम चालवणारी कंपनी, पीसीच्या गेमचं मोठं दुकान. २०१२ ला विंडोज ८ येऊ घातलं, त्यात मायक्रोसॉफ्टनं स्वतःचंच दुकान घातलेलं. व्हॉल्व्हचा प्रमुख गेब न्यूवेल त्या जुलैत जाहीर बोलला की विंडोज ८ हे पीसीवाल्या सगळ्यांवर संकट आहे. जागामालकच बाजूला किराणा टाकायला निघाला तर भाडेकरू दुसरी जागा बघणारच की. त्याच वर्षी व्हॉल्व्हनं लेफ्ट फोर डेड २ लिनक्सवर चालवून आकडे दिले, विंडोज ७ वर सेकंदाला २७०.६ फ्रेम आणि उबंटूवर ३१५, मशीनला रॅम मात्र ३२ जीबी, २०१२ ला, आपल्याकडं २ जीबीवर चाललेलं. फेब्रुवारी २०१३ ला लिनक्सचं स्टीम आलं. २०१५ ला लिनक्सवर चालणारे स्टीम मशीन नावाचे डबे आले ते सपशेल पडले, कारण किंमत विंडोजच्या पीसीएवढीच आणि गेम त्याच्यापेक्षा कमी. परत लोकीचीच चूक, प्रत्येक गेमवाल्यानं लिनक्ससाठी वेगळी गेम बांधावी ही अपेक्षा. तो कशाला बांधतोय? एक टक्का गिऱ्हाईक.

खरी कलाटणी दोन गोष्टींनी. फेब्रुवारी २०१६ ला व्हल्कन आलं, ग्राफिक कार्डाशी थेट बोलायची नवी पद्धत, कुठल्याही एका कंपनीच्या मालकीची नाही. दुसरी गोष्ट लई भारी आहे. फिलिप रेबोले नावाच्या पोराला निअर ऑटोमाटा ही गेम लिनक्सवर खेळायची होती, वाइनवर नीट चालेना, तर पठ्ठ्यानं विंडोजच्या डायरेक्ट थ्रीडी ११ या ग्राफिक पद्धतीचं थेट व्हल्कनमध्ये भाषांतर करणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. व्हॉल्व्हनं हे बघितलं आणि त्याला पैसे द्यायला सुरुवात केली. २१ ऑगस्ट २०१८ ला वाइन, डीएक्सव्हीके आणि बाकी सामान एकत्र बांधून प्रोटॉन म्हणून स्टीमच्या आत घातलं. पहिल्या दिवशी अधिकृत यादीत २७ गेम होत्या, पण सेटिंगमध्ये एक टिक मारली की बाकीच्या पण लावून बघता यायच्या, आणि लोकांनी रात्रीतून लावून बघितल्या. गेमवाल्याला काही करायचंच राहिलं नाही, तो विंडोजचीच बांधतो, वाचणारा म्हातारा आपला आपण बघतो.

एएमडीच्या कार्डांचे ओपन (म्हणजे सोर्स सगळ्यांना बघता येणारे) ड्रायव्हर याच काळात सुधारत गेले, म्हणून फेब्रुवारी २०२२ ला व्हॉल्व्हचा हातात धरून खेळायचा स्टीम डेक निघाला तो एएमडीच्या चिपवर आणि आर्च नावाच्या लिनक्सवर. भारतात कंपनीनं तेव्हा विकला नाही. पण फायदा आपल्यालाही झाला, कारण डेकसाठी प्रोटॉनमधी केलेली दुरुस्ती साध्या पीसीच्या प्रोटॉनमधी पण आपोआप येती. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या सर्व्हेत लिनक्स पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या पुढं गेलं. ३ टक्केच, हुरळून जायचं काम नाही.

अडलंय ते अँटी-चीटपाशी, म्हणजे ऑनलाइन गेममधी लबाडी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरपाशी. वॅलोरंट गेमचं व्हॅनगार्ड विंडोजच्या कर्नलमधी, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात जाऊन बसतं, लिनक्सवर त्याला बसायला जागाच नाही, तो विषय बंद. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दुसऱ्या दोघांनी २०२१ ला प्रोटॉनला वाट करून दिली, पण दार उघडायचं का नाही हे गेमवाला ठरवणार. एपेक्स लेजंड्सनं उघडलं होतं आणि ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी परत लावून घेतलं, म्हणले चीटर जास्त येतेत. असतीलही, पण त्यात सरळ खेळणारे पण बाहेर गेले. गंमत म्हणजे अँड्रॉइड फोनवर बीजीएमआय खेळणारं प्रत्येक पोरगं लिनक्सच्याच कर्नलवर खेळायलंय, अँड्रॉइडच्या पोटात तेच आहे, पण तिथं कुणाला अडचण नाही.

भाच्याच्या डब्याचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं. जीटी ७३० याच नावानं दोन पिढ्यांची कार्डं विकली गेलीत, एक फर्मी, तिला व्हल्कनच नाही, आणि दुसरी केप्लर. त्याचं निघालं केप्लर, म्हणजे ४७० नंबरचा ड्रायव्हर आणि व्हल्कन १.२ वर गाडी थांबली, आणि डीएक्सव्हीके २.० ला १.३ लागतं. म्हणून त्याला जुनं प्रोटॉन ७ लावायला सांगितलं, डाउनलोड अर्ध्यात असताना लाईट गेली, दुसऱ्या दिवशी झालं. जुन्या गेम चालायल्यात. आता तो मला सेकंडहँड आरएक्स ५८० कार्डाचे फोटो पाठवायलाय, पंख्यात धूळ एवढी की क्रिप्टोच्या मायनिंगला रात्रंदिवस राबलेलं कार्ड आहे हे फोटोतूनच कळायलंय, आणि विकणारा म्हणतो घरचं आहे, पोरीच्या अभ्यासाला घेतलेलं.