बुंददाणे कढईतून कुठे गेले?

कॉफीचे कच्चे, हिरवट दाणे, म्हणजे जुन्या मराठीतले बुंददाणे, आणून घरी भाजायचे म्हटलं की आज ते हौशी माणसाचं खूळ वाटतं. पण दीडशे वर्षांपूर्वीपर्यंत ही रोजची बाब होती. भाजलेली कॉफी पुड्यात बांधून मिळणं, हेच अप्रूप. कारण सरळ आहे. कच्चा दाणा कोरडा ठेवला तर वर्षभर टिकतो. भाजला की दोन-तीन आठवड्यांत त्याचा वास उतरतो, आणि पूड तर त्याच्याही आधी.

जिथलं हे झाड मूळचं, त्या इथियोपियात घरी भाजणं अजून चालू आहे. पाहुणे आले की घरातली बाई दाणे धुते, निखाऱ्यावरच्या तव्यात हलवत भाजते आणि धुरासकट तवा सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवते. मग खलात कुटून ‘जबेना’ नावाच्या मातीच्या सुरईत उकळते. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून तीन वाढण्या होतात: अबोल, तोना, बरका. बरका म्हणजे आपली बरकतच. तिथे कॉफीला ‘बुना’ म्हणतात, अरबीत ‘बुन’. आपल्या जुन्या मराठीतले बुंददाणे याच गोतातले.

घरच्या भाजण्यावर सरकारी नाकही बसलं होतं. प्रशियाचा, म्हणजे जर्मनीतल्या एका जुन्या राज्याचा, राजा दुसरा फ्रेडरिक कॉफीपायी परदेशात जाणाऱ्या पैशाने वैतागला होता. प्रजेने बिअर प्यावी, असं त्याचं म्हणणं. 1781 पासून परवान्याशिवाय कॉफी भाजायला बंदी आली, आणि परवाने मिळाले ते बड्यांना. बाकीच्यांना पकडायला सैन्यातून निवृत्त झालेले शिपाई गल्लीबोळांतून हुंगत फिरायचे. लोक त्यांना ‘कॉफी हुंगणारे’च म्हणत. 1786 मध्ये राजा गेला आणि मागोमाग ही पद्धतही.

घरातलं भाजणं खरं मोडलं ते अमेरिकेतल्या किराणा व्यापारात. पिट्सबर्गच्या जॉन अर्बकलने 1865 च्या सुमारास भाजलेले दाणे पौंडभर वजनाच्या कागदी पुड्यांत विकायला काढले. वास टिकावा म्हणून दाण्यांवर अंडं आणि साखरेचा लेप! ‘अरिओसा’ नावाचा त्याचा पुडा पश्चिमेकडच्या गुराख्यांपर्यंत पोचला. त्याआधी ते शेकोटीवर कढल्यात दाणे भाजून घेत, आणि निम्मे करपत.

आपल्याकडे बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया चिकमगळूरच्या डोंगरात आणल्या, अशी सतराव्या शतकातली आख्यायिका आहे. दक्षिणेत कित्येक घरांत दाणे घरीच भाजून हाताच्या यंत्रात दळत. त्यात पीबेरीला मान, कारण फळात एकटाच वाढलेला तो दाणा गोल असतो, कढईत छान गडगडतो आणि सारखा भाजला जातो. मुंबईत माटुंग्याला दाणे दळून चिकोरी मिसळून देणारी दुकानं आहेत. मराठी घरांत बुंददाणे हा शब्द होता, पण भाजण्याची सवय फारशी रुजली नाही. आपली कॉफी दुधातली, जायफळाची. जायफळ हे शिळ्या पुडीवरचं पांघरूण आहे असं माझं मत; रागावू नका.

करून बघायचं असेल तर जाड कढईत मूठ-दोन मुठी दाणे पुरे. आधी ते पिवळे पडतात, भाजक्या पावासारखा वास येतो. मग दोनशे अंशांच्या आसपास तडतड सुरू होते. हात थांबवायचा नाही. टरफलं उडून ओटाभर होतात, म्हणून पंखा बंद ठेवा. उतरवल्यावर चाळणीत झटपट गार करा आणि दळायच्या आधी एक दिवस तसेच राहू द्या, आतला वायू निघून जायला.