हायब्रिड गाडीची बॅटरी: घरी काय तपासायचे आणि कशाला हात लावायचा नाही

गेल्या मे महिन्यात नागपूरच्या रामदासपेठेतून आमच्या गॅरेजला एक फोन आला. गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली. गाडीच्या डॅशबोर्डवर हायब्रिड सिस्टीम तपासण्याचा इशारा येत होता आणि दुसऱ्या एका गॅरेजने मोठी बॅटरी पूर्ण बदलायला सांगितले होते. "तुमचा दर काय?" एवढेच त्यांना विचारायचे होते. आम्ही म्हटले, दर नंतर, आधी गाडी दाखवा. मागच्या सीटशेजारची हवेची जाळी काढली तर आत पांढऱ्या केसांचा नमद्यासारखा घट्ट थर. घरात लॅब्रॅडॉर होता आणि त्याची रोजची जागा मागच्या सीटवर. पंखा काढून पाती ब्रशने साफ केली, गाडीच्या संगणकात नोंदलेला बिघाडाचा कोड पुसला, वर्धा रोडवर तासभर गाडी चालवून पुन्हा बॅटरीचे रीडिंग घेतले. सगळे आकडे सारखे आले. त्या गाडीत आजही तीच बॅटरी आहे.

हे पत्रक त्या दिवशी लिहायचे ठरले. नागपूरच्या उन्हात हायब्रिडची बॅटरी थकते हे खरे, पण बॅटरीच्या नावावर खपवला जाणारा प्रत्येक बिघाड बॅटरीचा नसतो.

गाडीत बॅटऱ्या दोन असतात

एक नेहमीची १२ व्होल्टची. बऱ्याच हायब्रिडमध्ये ती बॉनेटखाली नसून डिकीत असते, म्हणून अनेकांना ती आहे हेच ठाऊक नसते. दुसरी मोठी, उच्च दाबाची. उदाहरणार्थ, टोयोटा कॅमरी हायब्रिडच्या निकेल मेटल हायड्राइड पॅकमध्ये ३४ मॉड्यूल (एकमेकांना जोडलेल्या छोट्या बॅटऱ्या) असतात, प्रत्येक मॉड्यूल ७.२ व्होल्टचे, म्हणजे एकूण २४४.८ व्होल्ट. प्रियसमध्ये २८ मॉड्यूल, २०१.६ व्होल्ट.

मारुतीच्या 'स्मार्ट हायब्रिड' सियाझ किंवा अर्टिगामध्ये असा उच्च दाबाचा पॅक नसतो. त्या माइल्ड हायब्रिड आहेत, म्हणजे मोटर इंजिनाला फक्त थोडी मदत करते, पुढचे बरेचसे त्यांना लागू नाही.

छोट्या बॅटरीचे काम इथे जरा वेगळे आहे. ती इंजिनाला 'सेल' मारत नाही. ती गाडीतले संगणक जागे करते आणि मोठ्या बॅटरीचा रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडून वीज पुढे जाऊ देते. ती ढेपाळली की मोठी बॅटरी ठणठणीत असूनही गाडी 'रेडी', म्हणजे चालायला तयार, होत नाही. डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा दिवे लागतात, स्क्रीन फडफडते, रिलेचा टकटक आवाज येतो, आणि माणूस घाबरून मोठ्या बॅटरीची किंमत विचारू लागतो.

म्हणून आधी छोटी बॅटरी

घरी साधा मल्टीमीटर असेल तर पुरे. गाडी रात्रभर बंद ठेवा, सकाळी दार-डिकी उघडल्यावर आतले दिवे विझू द्या आणि मग मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास आले तर बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्मी. ११.८ च्या खाली गेली असेल तर तिने मान टाकली म्हणून समजा. आता गाडी 'रेडी' करून पुन्हा मोजा. साडेतेरा ते साडेचौदाच्या दरम्यान आकडा दिसला तर मोठ्या बॅटरीतून छोटीला चार्जिंग मिळते आहे. तो वर चढलाच नाही तर दोष छोट्या बॅटरीत शोधू नका, आम्हाला कळवा.

ही बॅटरी तुम्ही स्वतः बदलू शकता. दहाचा पाना लागतो आणि अर्धा तास. गाडी पूर्ण बंद, चावी गाडीपासून दूर. आधी निगेटिव्ह काढा, नंतर पॉझिटिव्ह. लावताना उलट. दोन गोष्टींवर मात्र आमचा आग्रह आहे. बॅटरी डिकीत असेल तर ती बंदिस्त, ॲसिड न सांडणाऱ्या एजीएम जातीचीच हवी आणि तिच्या वायूची बारीक नळी पुन्हा जोडायलाच हवी, कारण ती बॅटरी तुमच्या मुलाबाळांच्या पाठीमागे, त्याच हवेत बसलेली असते. दुसरे, टर्मिनल बारीक पडते म्हणून पत्रा गुंडाळून क्लॅम्प आवळणे. तसे करू नका. तो सांधा उन्हाळ्यात सैल होतो आणि मग असे विचित्र बिघाड दिसतात की आमचेही दोन दिवस शोधण्यात जातात.

जंप द्यायची वेळ आली तर बऱ्याच मॉडेलमध्ये बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समध्ये लाल झाकणाचे टोक दिलेले असते. लाल वायर तिथे, काळी वायर इंजिनजवळच्या रंग नसलेल्या धातूला. तारा उलट लागल्या तर फ्यूज उडतो, कधी इन्व्हर्टरपर्यंत (मोठ्या बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) झळ पोचते, म्हणून लावण्याआधी दोनदा बघा. आणि शेजाऱ्याची गाडी बंद पडली म्हणून आपल्या हायब्रिडवरून त्याला जंप देऊ नका. छोट्या बॅटरीत तेवढी ताकद नसते.

गाडी महिनोन् महिने उभी राहत असेल, मुलगा पुण्याला आणि गाडी इथे, असे बऱ्याच घरी असते, तर निदान दोन महिन्यांतून एकदा ती अर्धा तास चालवा. दोन्ही बॅटऱ्या उभ्या गाडीत हळूहळू रिकाम्या होत असतात. स्मार्ट की गाडीजवळच्या भिंतीवर टांगत असाल तर तीही जागा बदला. चावी आणि गाडी रात्रभर एकमेकींशी बोलत राहतात आणि छोटी बॅटरी त्यात संपते.

मोठी बॅटरी खरेच थकते तेव्हा

तेव्हा गाडी आधीपासून सांगू लागते. स्क्रीनवरच्या चार्जच्या पट्ट्या एरवी सावकाश वरखाली होतात. थकलेल्या बॅटरीत त्या काही मिनिटांत भरतात आणि एक उड्डाणपूल चढला की धडाधड उतरतात. सिग्नलला इंजिन बंद राहायचे, ते आता सारखे सुरू होते. मागच्या सीटजवळून पंख्याची घरघर ऐकू येते. ॲव्हरेज उतरते. आणि एके दिवशी इशारा येतो.

स्कॅनर लावला की अशा वेळी बहुतेक पी०ए८०, म्हणजे 'हायब्रिड बॅटरी पॅक बदला', हा कोड निघतो. पण कोड म्हणजे निकाल नाही. कॅमरीतली ३४ मॉड्यूल जोडीजोडीने मोजली जातात, म्हणजे १७ आकडे. गाडी उभी असताना हे सगळे जवळजवळ सारखे दिसतात. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की खरे चित्र समोर येते: सोळा जोड्या एकत्र खाली येतात आणि एकच जोडी बाकीच्यांना सोडून झपकन कोसळते. ती जोडी आजारी. कुठल्याही गॅरेजमध्ये जा, आमच्याकडेच या असे नाही, पण बॅटरी गेली असे कोणी म्हटले तर हे आकडे चालत्या गाडीत दाखवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे.

कधी मॉड्यूल सगळी चांगली निघतात आणि त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या काळ्या-हिरव्या पडलेल्या असतात. पावसाळ्यात डिकीचे रबर गळते, आतला गालिचा ओला राहतो, तिथून हे सुरू होते. पट्ट्या घासून-पुसून बसवल्या की रीडिंग सरळ येते. रत्नागिरी, गोव्याकडच्या गाड्या आमच्याकडे येतात तेव्हा आम्ही आधी इथेच पाहतो.

जाळी आणि 'एन' गिअर

या दोन गोष्टी संपूर्ण तुमच्या हातात आहेत, आणि आमच्या अनुभवात बॅटरीचे आयुष्य सर्वांत जास्त यांवर ठरते.

मोठ्या बॅटरीला थंड ठेवते ती गाडीतलीच हवा. ती जिथून आत ओढली जाते ती जाळी मॉडेलप्रमाणे मागच्या सीटच्या बाजूला, सीटखाली किंवा मागच्या काचेजवळच्या फळीवर असते. तिथे पिशवी, उशी, शाल, देवळातून आणलेला हार, काहीही ठेवू नका. महिन्यातून एकदा व्हॅक्यूम क्लीनरला मऊ ब्रश लावून जाळीतली धूळ ओढून घ्या. काही मॉडेलमध्ये मागे छोटा फिल्टर असतो, तो काढून झटकता येतो. पाणी मारू नका, आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेच्या पाइपने आत फुंकूही नका, सगळी धूळ थेट मॉड्यूलवर जाऊन बसते. पारा ४५ च्या वर असताना उन्हात तापलेल्या गाडीत बसलात तर दोन मिनिटे काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, मग एसी लावा. तुम्हाला जी हवा सोसवत नाही तीच बॅटरीला मिळत असते.

दुसरे, सिग्नलला गाडी 'एन'वर, म्हणजे न्यूट्रलवर, टाकण्याची सवय. पेट्रोलच्या गाडीवर वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसाचा हात आपोआप तिकडे जातो. हायब्रिडमध्ये 'एन'वर मोठी बॅटरी चार्जच होत नाही. एसी मात्र तिच्यावरच चालू असतो. जाममध्ये पंधरा मिनिटे 'एन'वर उभे राहिलात तर बॅटरी तळ गाठते. 'डी'वर ठेवून ब्रेक दाबा, नाहीतर 'पी'वर टाका. ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याला हे समजावून सांगा, जमल्यास आमच्यासमोर. आम्ही त्यासाठी वेगळे पैसे घेत नाही.

नारिंगी रंग दिसला की थांबा

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर एक आठचा पाना टांगला आहे. त्याचे एक टोक वितळून मणी झाला आहे. एका ग्राहकाने व्हिडिओ पाहून घरीच पॅक उघडला होता, पाना दोन शेजारच्या पट्ट्यांवर टेकला आणि तिथेच चिकटला. बोटाला भाजण्यावर निभावले. जो कोणी विचारतो, "मी स्वतः बदलू का?", त्याला आम्ही आधी तो पाना हातात देतो.

नारिंगी वेष्टनाच्या जाड वायरी म्हणजे उच्च दाब. सर्व्हिस प्लग ओढून काढला की गाडीकडे जाणारी वीज तुटते, पण इन्व्हर्टरमधले कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) रिकामे व्हायला निदान दहा मिनिटे लागतात. आणि पॅकच्या आत वीज शिल्लकच असते. तिचा धक्का जीवघेणा ठरू शकतो. चार बोल्ट काढता येणे आणि हे काम येणे यात फार अंतर आहे. म्हणून झाकण उघडायचे काम घरी करू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. गाडी पुराच्या पाण्यात बुडाली असेल तर तिला सुरू करायचा प्रयत्नही नको.

आम्ही तुमच्या घरी येतो तेव्हा

मोठी बॅटरी आम्ही तुमच्या पार्किंगमध्येही बदलतो. जागा कोरडी आणि सावलीची हवी, मुले आणि जनावरे दूर. आमचा माणूस हजार व्होल्टचे रबरी हातमोजे घालतो. घालण्याआधी हातमोजा मनगटाकडून गुंडाळत फुगवून बघतो, कुठून हवा सुटते का. अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवतो. सर्व्हिस प्लग स्वतःच्या खिशात घालतो, म्हणजे दुसरे कोणी तो परत लावणार नाही. मग घड्याळ लावून थांबतो, आणि मीटरने शून्य व्होल्टची खात्री करूनच पुढे हात घालतो. यातले एखादे पाऊल त्याने गाळलेले दिसले तर त्याला तिथेच थांबवा आणि आम्हाला फोन करा. मालकाने टोकले म्हणून आमच्याकडे कोणाला राग येत नाही.

पॅक चाळीस किलोच्या घरातला असतो, मॉडेलप्रमाणे जास्तही, म्हणून दोन माणसे येतात. पट्ट्यांचे नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) आवळतात, तेही हलकेच, साधारण साडेपाच न्यूटन-मीटरला. जोर लावला तर मॉड्यूलचे टोकच फिरते आणि चांगले मॉड्यूल फुकट जाते.

एक मॉड्यूल बदलायचे की पूर्ण पॅक?

आजारी जोडी काढून तिथे जुन्या गाडीतले मॉड्यूल बसवले की दिवा विझतो आणि बिलही कमी येते. पण बाकीची मॉड्यूल तेवढीच वर्षे झिजलेली असतात. काही महिन्यांत दुसरे मान टाकते, मग तिसरे. गाडी लवकर विकायची असेल तर एकवेळ ठीक, नाहीतर आम्ही हा सल्ला देत नाही. मधला मार्ग म्हणजे पूर्ण पॅक खोलून प्रत्येक मॉड्यूल तीन वेळा चार्ज-डिस्चार्ज करून क्षमता मोजणे आणि सारखी क्षमता असलेलीच एकत्र बसवणे. नव्या मॉड्यूलची क्षमता ६,५०० मिलीअँपिअर-तास असते. तुमच्या प्रत्येक मॉड्यूलचा आकडा आम्ही कागदावर लिहून देतो. याला काही दिवस लागतात, एका दुपारीत कोणी 'रिकंडिशन' करून देतो म्हणाला तर त्याने मोजलेच नाही असे समजा. वर्षाला बरेच फिरणाऱ्यांनी नवा पॅक घ्यावा, हे आमचे स्पष्ट मत.

त्याआधी वॉरंटीचे पुस्तक मात्र उघडून बघा. सध्याच्या स्ट्राँग हायब्रिड (उच्च दाबाचा पॅक असलेल्या) गाड्यांवर टोयोटा, मारुती आणि होंडा मोठ्या बॅटरीला ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. तुमची गाडी त्यात बसत असेल तर आमच्याकडे न येता कंपनीच्या डीलरकडे जा. वॉरंटीतला पॅक आम्ही उघडत नाही.

जुनी बॅटरी

ती भंगारवाल्याला देऊ नका, चार पैसे जास्त मिळाले तरी. आत पोटॅशियम हायड्रॉक्साइड असते, कातडी आणि डोळे जाळणारे, आणि भंगारात ती हातोड्याने फोडली जाते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवी. आम्ही ती तिथे पाठवतो आणि पावतीची प्रत तुम्हाला देतो.

फोन करताना गाडीचे मॉडेल आणि वर्ष, किती किलोमीटर झाले, डॅशबोर्डचा फोटो, आणि छोट्या बॅटरीचे सकाळचे व्होल्ट एवढे हाताशी ठेवा. कुत्रा पाळला असेल तर तेही सांगा.