टीबीच्या आड राहिलेला पर्णकृमी

खोकला, थुंकीतून रक्त, एक्स-रेवर पोकळीसारखा डाग. ही लक्षणं घेऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे आधी टीबीच आठवतो, आणि ते स्वाभाविकही आहे. पण ईशान्य भारतात जंतू न सापडलेला टीबी म्हणून महिनोन्महिने औषधं घेतलेल्यांपैकी काहींच्या फुप्फुसात खरं तर पॅरागोनिमस हा पर्णकृमी, म्हणजे पानासारखा चपटा परजीवी कृमी, असतो. नीट न शिजवलेल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यातून तो पोटात जातो आणि आतड्याची भिंत भेदून छातीपर्यंत पोहोचतो.

हा कृमी प्रथम 1878 मध्ये युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांत मेलेल्या बंगाली वाघांमध्ये सापडला. तरीही माणसातला हा रोग पूर्व आशियाचा, असंच शंभर वर्षं धरलं गेलं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला मणिपूरमध्ये रुग्णांच्या थुंकीत त्याची अंडी दिसली. पुढे अरुणाचलच्या चांगलांगमध्ये आणि नागालँडमध्येही रुग्ण आढळले.

अंडी दिसली तेव्हा कृमी ‘वेस्टरमनी’ जातीचा मानला गेला, कारण पुस्तकांत ठळकपणे तीच जात होती. या गृहीतकाची किंमत मोठी होती. अंड्यांच्या आकारावरून जात ठामपणे सांगता येत नाही, त्यामुळे ते तपासायचं कसं हाच प्रश्न होता. 2007 मध्ये मणिपुरी खेकड्यांतल्या कृमींच्या आयटीएस-2 आणि कॉक्स-1 या डीएनए-खुणांचं वाचन प्रसिद्ध झालं आणि ‘हेटरोट्रेमस’ ही वेगळीच जात पुढे आली. तिथल्या मानवी आजारामागे मुख्यतः हीच जात असल्याचं आता मानलं जातं. 2013 मध्ये तर याच भागातल्या ‘वेस्टरमनी’तही तीन जनुकीय प्रकार असल्याचं दिसलं. दोन्ही जातींवर प्राझिक्वांटेल हे एकच कृमिनाशक औषध चालतं, मग जातीचा एवढा घोळ कशाला, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. रक्तचाचणीसाठी कोणत्या कृमीचं प्रतिजन (ज्याच्याविरुद्ध शरीर प्रतिपिंडं बनवतं तो घटक) वापरायचं, कुठल्या ओढ्यातले खेकडे तपासायचे, हे जातीवर ठरतं. चुकीच्या जातीसाठी बेतलेली चाचणी ‘नाही’ म्हणाली, तर रुग्ण पुन्हा टीबीच्या रांगेत जातो.

त्याहून चुटपुट लावणारी गोष्ट स्लाइडची. टीबीचा जंतू दिसावा म्हणून थुंकीची स्लाइड रंगवण्याच्या झील-नील्सन प्रक्रियेत या कृमीची अंडी नष्ट होतात, असं पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं. 2011 मध्ये लाओसमधल्या अभ्यासाने दाखवलं की ती त्या स्लाइडवरही ओळखता येतात. टीबीचा जंतू दोन-चार मायक्रॉनचा, अंडं 80च्या आसपास. तंत्रज्ञ सर्वांत मोठं दाखवणाऱ्या, तेलाच्या भिंगाखाली लाल काड्यांसारखे दिसणारे टीबीचे जंतू शोधतो. त्या मोठेपणाला एका वेळी स्लाइडचा फार थोडा भाग पाहून होतो, आणि अंडी नजरेतून सुटतात. आधी दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाने स्लाइडवर एक फेरी मारली तर काम होतं, त्याला खर्चही नाही.

नमुन्यातला सगळा डीएनए एकदम वाचण्याची मेटाजिनोमिक पद्धत अलीकडची. 2014 मध्ये अमेरिकेतल्या एका मुलाच्या मेंदूज्वरामागे लेप्टोस्पायरा हा जिवाणू असल्याचं तिने शोधून दाखवलं, तेव्हापासून तिच्याकडे रुग्णालयांचं लक्ष गेलं. नंतर चीनमध्ये फुप्फुस धुऊन काढलेल्या द्रवातून पॅरागोनिमसचे रुग्ण अशाच रीतीने उघडकीस आले. डॉक्टरांना संशय नसतानाही. हेच तिचं बळ. पण अशा द्रवात माणसाचाच डीएनए बहुतांश असतो आणि कृमीचे तुकडे मोजकेच येतात. कृमी गाठीत बंदिस्त असेल तर तेवढेही नाही. शिवाय तुलनेला संदर्भ लागतो. ‘वेस्टरमनी’चा संपूर्ण जनुकसंच 2019 मध्ये आला, ‘हेटरोट्रेमस’सह चार जातींचा तुलनात्मक अभ्यास 2020 मध्ये. त्याआधीच्या मेटाजिनोमिक अहवालात पॅरागोनिमस दिसला नाही म्हणजे तो नव्हताच, असं धरता येत नाही. चांगलांगच्या डोंगरातल्या आरोग्य केंद्रात डीएनए वाचणारं यंत्र नाही; तिथे अजूनही थुंकी, सूक्ष्मदर्शक आणि ‘खेकडे खाल्ले होते का?’ हा प्रश्नच हाताशी आहे.